पिन गरम का होते?

थंडी सुरू झाली की आमच्याकडे येणारे प्रश्नही बदलतात. उन्हाळ्यात कूलर आणि विजेचे बिल, पावसाळ्यात भिंतीला हात लावला की बसणारा झटका, आणि आता पाणी तापवण्याचा रॉड. मोताळा तालुक्यातील एका भगिनीने विचारले आहे : "रॉड लावल्यावर दहा मिनिटांत प्लगची पिन इतकी गरम होते की काढताना पदर धरावा लागतो. घरात सगळे म्हणतात, रॉड पंधराशे वॅटचा आहे, पिन गरम होणारच. हे बरोबर आहे का?"

बरोबर नाही. रॉड गरम व्हायला हवा, त्यासाठीच तो आणला आहे. पिन गरम व्हायला नको. किंचित कोमट लागली तर एक वेळ चालेल, पण बोट ठेववत नसेल तर त्या जागी आग लागायची तयारी चालू आहे असे समजावे. हे ठामपणे सांगण्यासाठी आम्हाला नववी-दहावीच्या विज्ञानातील दोन ओळींचे गणित पुरते. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि स्वयंपाकघरातल्या बोर्डाशी त्याचा संबंध आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. तेवढे या वेळी सांगतो.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सर्वांना ठाऊक आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखाली; राजूर घाट चढून आलो की बुलढाणा, आणि पुढे चिखली, मेहकर घाटावर. घाटाखाली मे महिन्यात कूलरशिवाय निभत नाही, तर घाटावर पौष-माघात गरम पाण्याशिवाय. फजरला उठणाऱ्या घरात पहाटे पाचलाच रॉड बादलीत पडतो, मग शाळेत जाणाऱ्यांच्या आंघोळी, मग म्हाताऱ्या माणसांच्या. म्हणजे एकच प्लग सलग दीड-दोन तास तापत राहतो, आणि त्या वेळी घरातले निम्मे लोक झोपेत असतात.

आता रॉड हातात घ्या (अर्थात पिन काढून) आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचा. बहुतेक रॉडवर दोन आकडे असतात : २३० व्होल्ट, १५०० वॅट. या दोन आकड्यांतून बाकीचे दोन काढता येतात.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर, तसे. अँपिअर म्हणजे प्रत्यक्ष वाहणारी धारा, नळातून येणारे पाणी. ओहम म्हणजे अडवणूक, नळी किती अरुंद आहे ते. आणि वॅट म्हणजे दर सेकंदाला किती काम झाले किंवा किती उष्णता निघाली. मराठी पुस्तकात अडवणुकीला 'रोध' म्हणतात, उर्दू पुस्तकात 'मुजाहमत'. दोन्ही माध्यमांच्या मुलांना शिकवताना आम्हाला उर्दू शब्द जास्त उपयोगी पडतो, कारण मुलांनी तो बातम्यांत ऐकलेला असतो आणि कोणीतरी कोणालातरी अडवत आहे एवढे चित्र लगेच उभे राहते. लिहायला मात्र 'रोध' सोपा.

गणित असे. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. म्हणून १५०० ला २३० ने भागले की धारा मिळते : ६.५ अँपिअर. व्होल्ट भागिले अँपिअर बरोबर ओहम. म्हणून २३० ला ६.५ ने भागले की रॉडच्या आतल्या तारेचा रोध मिळतो : सुमारे ३५ ओहम. एवढेच. चारपैकी कोणतेही दोन आकडे कळले की उरलेले दोन आपल्या मुठीत.

हा दुसरा नियम ज्याच्या नावाचा, तो गेऑर्ग ओहम आमच्याच धंद्यातला होता, याचा आम्हाला थोडा अभिमान वाटतो. जर्मनीत एर्लांगेन गावी १७८९ साली एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. कोलोनच्या शाळेत तो गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचा, आणि शाळेतल्याच साहित्यावर प्रयोग करायचा. त्याची पहिली अडचण ऐकून आपल्या खेड्यातल्या माणसाला हसू येईल : त्याच्या बॅटरीचे व्होल्टेज टिकत नव्हते. मोजायला घेतले की उतरायचे. मग त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि तांबे व बिस्मथ या दोन धातूंचे सांधे घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून दाब स्थिर. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने धारा मोजली आणि नियम सापडला. १८२७ साली पुस्तक काढले. ते त्याच्या देशात कोणी फारसे उचलून धरले नाही, त्याला हवे ते विद्यापीठातले पद मिळाले नाही, आणि त्याने कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिले तेव्हा कुठे त्याचे नाव झाले.

ओहमची अडचण आपली रोजचीच. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले आणि शिवारातले पंप एकदम सुरू झाले की कित्येक गावांत घरातला दिवा पिवळा पडतो. २३० च्या जागी समजा १८० व्होल्ट येत आहेत. रॉडचे काय होईल? मुलांना विचारले तर ती पटकन सांगतात की दाब पाऊण झाला, तर उष्णताही पाऊण होईल. तसे होत नाही. रॉडचा रोध ३५ ओहमच राहतो. म्हणून धारा १८० भागिले ३५, म्हणजे ५.१ अँपिअर. दाबही घटला आणि धाराही घटली. दोघांचा गुणाकार करा : सुमारे ९२० वॅट. पंधराशेचा रॉड हजाराचाही राहिला नाही. दाब पावपटीने उतरला तर वॅट जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरले.

बादलीच्या भाषेत सांगायचे तर, पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला पूर्ण दाबात साडेसतरा मिनिटे लागतात, तर १८० व्होल्टवर साडेअठ्ठावीस. आणि युनिट? दोन्ही वेळा जवळपास सारखेच, पाऊण युनिटाच्याही आत, ०.४४. पाण्याला तापायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच. ती हळू द्या की भरभर. उलट वेळ लांबला की बादलीच्या अंगातून थोडी उष्णता वाया जाते. तेव्हा 'लाईट डिम आहे, बिल कमी येईल' ही समजूत रॉडच्या बाबतीत सोडून द्यावी.

हे घरी तपासायला मल्टीमीटर लागत नाही. विजेच्या मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ इंग्रजीत एक आकडा छापलेला असतो. बऱ्याच घरगुती मीटरवर तो ३२०० असतो, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर वेगळा असेल तर तो घ्या. घरातले सगळे बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि फक्त रॉड चालू ठेवा. एक मिनिट मोजा. जो आकडा येईल त्याला १८.७५ ने गुणा, की वॅट मिळाले (साठ हजार भागिले ३२०० म्हणजे १८.७५, मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर साठ हजारांना त्याने भागावे). पूर्ण दाब असेल तर पंधराशेच्या रॉडला मिनिटात ८० वेळा लुकलुकेल. समजा ६० वेळाच झाले. मग वॅट ११२५. आता याला ३५ ने गुणून वर्गमूळ काढा : जवळजवळ १९९. म्हणजे तुमच्या घरात त्या क्षणी सुमारे १९९ व्होल्ट येत आहेत. रॉडवरचा छापील आकडा अगदी काटेकोर नसतो, तेव्हा दहा-बारा व्होल्टचा फरक धरून चाला. पण मीटर, रॉड आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर घरातले व्होल्टेज निघते, हे पाहून मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो आम्ही वर्गात दरवर्षी पाहतो. पालकांनी घरी पाहावा.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो, नाहीतर हुशार मुले आम्हाला पकडतील. हे गणित तापणाऱ्या तारेच्या वस्तूंना लागते : रॉड, गिझर, इस्त्री, शेगडी. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब घ्या. गणिताने त्याचा रोध ५२९ ओहम यायला हवा. मल्टीमीटर लावला तर चाळीसच्या आसपास दाखवतो. गणितही खरे आणि मीटरही खरा : मीटर थंड तार मोजतो, आणि पेटलेल्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या घरात असते, तिथे तिचा रोध दहा-बारा पटींनी वाढलेला असतो. रॉडमधली तार वेगळ्या मिश्रधातूची, तिचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून ती आपल्याला सोयीची. एलईडी बल्बच्या आत तर छोटे सर्किटच असते. तिथे ओहमचे सरळ गणित चालवू नये. मोटरचीही गोष्ट निराळी. शेतातल्या पंपाला व्होल्टेज कमी पडले की तो रॉडसारखा निमूट बसत नाही. पाणी तर तेवढेच चढवायचे आहे, म्हणून तो धारा जास्त ओढतो. आठ अँपिअरचा दहा अँपिअर ओढू लागला तर वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून वाढते. उन्हाळ्याच्या तोंडावर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत गर्दी का असते, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

दीडपट कशी? हीच आजच्या लेखातली खरी गुरुकिल्ली. मँचेस्टरच्या जेम्स जूलने १८४१ मध्ये मांडलेला नियम : तारेत निघणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारेचा वर्ग गुणिले रोध बरोबर वॅट. वर जे गणित केले त्याचेच हे दुसरे रूप. रॉडला लावून पाहा, ६.५ गुणिले ६.५ गुणिले ३५, पुन्हा पंधराशेच्या जवळ येते.

आता हे सूत्र रॉडवरून उचलून प्लगवर ठेवा.

रॉडमधून ६.५ अँपिअर धारा जाते, ती भिंतीतल्या तारेतून, बोर्डातल्या स्क्रूमधून, सॉकेटच्या पितळी पट्टीतून, पिनेतून आणि मग दोरीतून रॉडपर्यंत जाते. वाटेत जिथे जिथे थोडा रोध असेल तिथे तिथे तीच धारा उष्णता काढणार. चांगल्या, घट्ट सांध्याचा रोध नगण्य असतो. पण सॉकेट जुने झाले, आतल्या पट्टीचा ताठपणा गेला, पिन सैल बसू लागली की दोन धातू पूर्ण टेकत नाहीत, एक-दोन ठिपक्यांवरच टेकतात. समजा तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला. पस्तीस ओहमच्या रॉडपुढे अर्धा ओहम म्हणजे काय, कोणालाही वाटेल की काहीच नाही. सूत्रात घाला. ६.५ गुणिले ६.५ गुणिले अर्धा : २१ वॅट.

एकवीस वॅट म्हणजे किती, हे समजायला रेडिओ-मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जा. ज्या सोल्डरिंगने तो कारागीर धातू वितळवून तार चिकटवतो, ते साधारण पंचवीस वॅटचे असते. म्हणजे तुमच्या प्लगच्या आत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, एक सोल्डरिंग लावून ठेवले आहे आणि भोवती प्लास्टिक आहे. पहिल्या दिवशी पिन गरम लागते. उष्णतेने पितळ काळे पडते, पट्टी आणखी मऊ पडते, सांधा आणखी सैल होतो, रोध वाढून एक ओहम, दोन ओहम होतो. दोन ओहमवर तिथे पंचाहत्तर वॅट निघू लागतात. मग वास येतो, प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडते, आणि एक दिवस पिन सॉकेटमध्येच चिकटून बसते.

इथे लोक विचारतात की घरात एमसीबी आहे, ती पडणार नाही का? नाही पडणार, आणि हीच गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. एमसीबी पडते ती धारा मर्यादेबाहेर वाढल्यावर. सैल सांध्याने धारा वाढत नाही, उलट रोध वाढल्यामुळे किंचित कमी होते. साडेसहाच्या जागी ६.४ अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीने सगळे ठाकठीक आहे. पाणीही तसेच तापते, रॉडला पंधराशेच्या जागी साडेचौदाशे मिळाले तर कोणाला कळणार? मीटरही काही बोलत नाही. बोर्ड जळतो आहे हे सांगणारी घरात दोनच यंत्रे आहेत, आपले नाक आणि आपला हात. म्हणून ज्या भगिनीने पदर धरावा लागतो असे लिहिले, तिने योग्य गोष्ट हेरली होती. घरातल्यांनी ती उडवून लावायला नको होती.

तुलनेसाठी दोरीचे पाहा. दहा मीटरची एक्स्टेन्शन दोरी, आत एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार. जाण्या-येण्याची मिळून वीस मीटर, रोध सुमारे ०.३४ ओहम. रॉड लावला की त्यात साडेचौदा वॅट उष्णता निघते. आकडा सांध्याच्या जवळचाच, पण इथे ती दहा मीटरभर पसरलेली आहे, म्हणून दोरी हाताला जेमतेम कोमट लागते. तीच दोरी गुंडाळी करून पलंगाखाली सरकवली तर मात्र पसरलेली उष्णता पुन्हा एका जागी कोंडली जाते. आणि स्वस्तातल्या दोरीत तार अर्ध्या जाडीची असली तर उष्णता दुप्पट. लग्नाच्या मांडवात, ईदच्या गर्दीत आपल्याकडे एका एक्स्टेन्शनवर दुसरी, दुसरीवर तिसरी लागते; त्यावर रॉड किंवा शेगडी कधीच लावू नये. दिवे आणि मोबाईल चार्जर लावायला हरकत नाही.

धारेच्या वर्गाची ही भीती मोठ्या माणसांनाही आहे. शेगाव सोडून गाडी अकोल्याकडे निघाली की पारस येते, तिथल्या औष्णिक केंद्रात अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत. एका संचाची वीज २३० व्होल्टने पाठवायची म्हटली तर दहा लाख अँपिअरहून जास्त धारा न्यावी लागेल. तेवढी जाड तार जगात कुठे नाही. म्हणून दाब चढवतात आणि धारा उतरवतात. वॅट तेच राहतात, वाटेतली उष्णता घटते. नांदुरा-जलंब मार्गावर रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात ते याचसाठी. पाच हजार किलोवॅट ओढणाऱ्या इंजिनाला तिथे दोनशे अँपिअरच्या आसपास पुरतात. आपल्या घरात मात्र दाब चढवायची सोय नाही आणि ते बरेच आहे. आपल्या हातात फक्त सांधा घट्ट ठेवणे आहे.

बादलीचा दुसरा धोका याहून तातडीचा. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहायची सवय जवळजवळ प्रत्येक घरात कोणाला तरी असते. कोरड्या कातडीचा रोध बराच असतो, पण ओल्या हाताने, ओल्या फरशीवर अनवाणी उभे असताना शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. रॉडच्या नळीला बारीक चीर गेली आणि पाण्यात वीज उतरली, तर २३० भागिले हजार : ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. माणसाचा जीव जायला याच्या कितीतरी कमी पुरते. जीव वाचवण्यासाठी जी आरसीसीबी बसवतात ती ३० मिलिअँपिअरलाच तुटावी अशी बनवलेली असते. नऊ वॅटच्या एलईडी बल्बला लागते त्याहूनही ही धारा कमी. 'नुसता बल्बच तर आहे' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आणि इथेही साधी एमसीबी काही करणार नाही. तिच्या लेखी पाव अँपिअर म्हणजे एखादा पंखा.

तेव्हा बटण बंद, मग पिन बाहेर, मगच बोट. बटण बंद केल्यावर पिनही काढायची, कारण कित्येक जुन्या बोर्डांत बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेले असते; बटण बंद असूनही रॉडमध्ये दाब उभा असतो. वायरमन घरी येईल तेव्हा टेस्टरने हे तपासून घ्यावे, दोन मिनिटांचे काम आहे. रॉड तीन पिनांचा घ्यावा आणि अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचले आहे की फक्त सॉकेटला तिसरे भोक आहे, तेही त्याच वेळी पाहावे. लहान मुले असलेल्या घरात रॉडची बादली न्हाणीत, दार लावून.

आता मोताळ्याच्या पत्राचे नेमके उत्तर. तुमचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. भिंतीतल्या लहान सॉकेटवर ६ लिहिलेले असते, ते सहा अँपिअरचे, ते पंखा-टीव्हीसाठी. मोठ्या पिनेचे सॉकेट सोळा अँपिअरचे, रॉड तिथेच हवा. मोठी पिन लहान सॉकेटात बसावी म्हणून बाजारात कन्व्हर्टर मिळतो, तोच बहुतेक घरांतला सर्वांत कमकुवत सांधा. तो काढून टाका. न्हाणीजवळ सोळा अँपिअरचे सॉकेट बसवून घ्या आणि त्याला मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी तार ओढायला सांगा. नुसते मोठे सॉकेट जुन्या बारीक तारेवर बसवून दिले तर धोका दिसेनासा होतो, कमी होत नाही. प्लग उघडून तार स्क्रूखाली नीट पिळून, पूर्ण आत गेली आहे का, स्क्रूखाली रबर अडकले आहे का, तेही वायरमनला दाखवायला सांगा.

काळी पडलेली पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरू नका. नवा प्लग आणून जुन्याच सॉकेटात घातला तर आतली मऊ पडलेली पट्टी नव्या पिनेलाही सैलच धरेल आणि महिन्याभरात तीही काळी पडेल. प्लग आणि सॉकेट दोन्ही एकाच दिवशी बदला. नवे बसवल्यावर रॉड दहा मिनिटे चालवा, बटण बंद करा, पिन काढा आणि लगेच तिला बोट लावून पाहा.